अवघड माणसासाठी ताट

वैऱ्यावर प्रीती करा असं शास्त्रात लिहिलं आहे, पण ते लिहिणाऱ्यांची माझ्या आतेसासूबाईंशी ओळख नव्हती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी वऱ्हाडाला! म्हणजे पुण्याहून लग्न होऊन अमरावतीत आले होते. ह्यांची आई फार लवकर गेली. सलोमीआत्यांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं. लग्नानंतर मी रांधलेल्या पहिल्याच जेवणात त्यांनी माझ्या आमटीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"साखर? वरनात? माह्या पोराले शिरा चारून राहिली काय वं?"

"आणि तुमचा रस्सा खाऊन माझे कान आठवडाभर गरम होते!" मी म्हटलं. (आठवडाभर नव्हते. पण भांडणात कोण मोजतं?)

"तुह्या घरचं पानी बी नाई घेनार!" असं म्हणून आत्याबाई उठल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या घरी गेल्या. तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात आम्ही एका बाकावर बसत नव्हतो. नाताळात हे दोन्ही घरी पोटभर जेवले आणि संध्याकाळी ओवा चघळत आडवे झाले. दुसरा नाताळ जवळ आला तसे म्हणाले, "मला दुसरं काही नको. एकदा तुमच्या दोघींच्या मधे बसून जेवायचंय." थट्टेत नव्हते म्हणाले.

त्याच रविवारी पाद्रीसाहेबांनी उपदेशात सांगितलं, "ज्याच्यावर प्रेम करणं तुम्हाला सर्वांत जड जातं, अशा एका माणसाकडे या आठवड्यात फराळाचं ताट न्या. कारण मात्र सांगू नका. नुसतं प्रेमानं द्या."

मी पुढच्या बाकावरच्या आत्याबाईंकडे पाहिलं. नेमक्या त्याही मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. (पदर सारखा करत असतील, असं मला वाटलं.)

शनिवारी मी करंज्या तळायला घेतल्या. पहिला घाणा कढईत सोडते, तोच दारात देवळात गाणाऱ्या रूथबाई, हातात चिवड्याचं ताट!

"घ्या वैनी. असंच आनलं."

"असंच?"

"असंच म्हंजे... असंच!" आणि गेल्यासुद्धा पळत.

मला भरून आलं. दर रविवारी मी त्यांचा चुकलेला सूर सगळ्यांदेखत दुरुस्त करते, त्याची केवढी ही जाण! पाठोपाठ ढोलकी वाजवणारे दाऊदमामा शेव घेऊन आले. त्यांना तर मी भर उपासनेत हात दाखवून थांबवलं होतं. तरी मनात काही नाही! मग मास्तरीणबाई अनारसे घेऊन आल्या. (त्यांच्या बाळाचं नाव मला आवडलं नव्हतं, तसं मी बारशालाच सांगितलं होतं. स्पष्ट बोललेलं लोकांना आवडतं ते असं!) ओसरीवर तर कुणीतरी जिलबीचं ताट झाकून ठेवून हाकही न मारता निघून गेलं होतं.

"अहो, बघितलंत? किती माणसं जोडली मी!"

हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. ह्यांनाही भरून आलं असणार.

करंज्यांचं ताट घेऊन मी निघाले. गल्लीच्या तोंडाशीच आत्याबाई समोर आल्या. त्यांच्याही हातात झाकलेलं ताट!

"कुठं निघालात?"

"तुह्याचकडं. अन् तू?"

"तुमच्याकडेच."

दोघींनी एकमेकींच्या ताटाकडे पाहिलं. काय समजायचं ते दोघी समजलो. तिथे गप्प बसावं की नाही? पण मी कसली बसते! "माझ्याकडे तर सकाळपासून नुसती रीघ लागली आहे! ठेवायला जागा नाही. तुमच्याकडे किती ताटं आली?"

"एक बी नाई." आत्याबाईंनी डोळे बारीक केले. "कोन कोन आल्तं?"

मी ऐटीत सगळी नावं घेतली. आत्याबाईंनी आपलं ताट कुंपणावर टेकवलं, तोंडाला पदर लावला आणि हसायला सुरुवात केली. "अवं माय! पाद्रीबाबानं ताट कोनाले न्याले सांगतलं होतं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिवडा, शेव, अनारसे, जिलबी! मी भर रस्त्यात रडायला लागले.

आत्याबाईंचं हसू थांबलं. "रडू नोको. चाल घरी. माह्या सुनेले जड म्हननारे हे कोन? तुह्याशी भांडाचा हक्क माहा एकटीचा हाये!"

आणि ताट उचलून तावातावाने त्या थेट आमच्या घरात शिरून पाटावर बसल्या. "वाढ ते तुही गोड आमटी."

मी वाढली. त्यांनी वाटी रिकामी केली.

"कशी झालीय?" मी भीत भीत विचारलं.

"वाईट," म्हणाल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली. हे आमच्या दोघींच्या मधे बसून पोटभर जेवले. मला इतका आनंद झाला होता की मी नुसतं जेवल्यासारखं करत होते.

दुपारी ताटं परत करायला काढली. रिकामं ताट कसं धाडायचं, म्हणून आत्याबाई एकेकात करंज्या घालत होत्या आणि कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून मी काठावर कोरलेली नावं वाचत होते. रूथबाईंचं झालं, दाऊदमामांचं झालं, मास्तरीणबाईंचंही झालं. राहिलं जिलबीचं. त्यावरचा पाक पुसला आणि ताट उजेडात धरलं.

काठावर माझंच नाव होतं! आईने लग्नात दिलेलं, आमच्याच फडताळातलं ताट!

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"पाद्रीसाहेबांनी," हे दाराकडे सरकत म्हणाले, "कारण सांगू नका म्हणून बजावलं होतं."