जोशीमठला पाठवलेली तार

परवा संध्याकाळी वर्तकनगरच्या आमच्या घरात नातीची बॅग भरणं चाललेलं. सई मैत्रिणींबरोबर केदारनाथला निघालेली. मोजे शोधता शोधता तिने मोबाइल माझ्या हातात दिला... आजी, तिकडचा आठवड्याचा हवामानाचा अंदाज वाच ना जरा.

मी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. मोबाइल हातात घेतला आणि माझी बोबडीच वळली. ऐंशी उलटलेली बाई मी, चार ओळी वाचायला घाबरले!

कारण सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो... आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी. आई मोठ्या दुखण्यातून उठली, त्या दुखण्यात अण्णांनी तिच्यासाठी बद्रीकेदारचा नवस बोललेला. ऑफिसातून रजा मिळाली तसे वैशाखात कल्याणच्या काही मंडळींबरोबर ते निघाले. आईला अजून जिनाही चढवत नव्हता, म्हणून आम्ही दोघी मागे.

तेव्हा बद्रीकेदारला गेलेला माणूस परत येईलच, असं कुणी धरून चालत नसे. शेजारीपाजारी अण्णांच्या पाया पडून, डोळे पुसत गेले. अण्णा मात्र हसत होते. म्हणाले, मी नाही तोवर इंग्रजी पेपर आपली सुमी वाचेल.

माझी आठवी नुकतीच संपली होती, पण अण्णांनी घरी शिकवून माझं इंग्रजी बरंच पुढे नेलेलं. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. घरमालकांचा पेपर त्यांचा वाचून झाला की संध्याकाळी आमच्याकडे यायचा. त्यातला डोंगराळ भागाचा अंदाज मी मराठी करून सांगायचे आणि आई हात जोडून ऐकायची... जणू पोथीच.

तीन आठवड्यांनी जोशीमठहून अण्णांची तार आली. केदार झालं होतं. बद्रीच्या वाटेवर पाऊस लागला म्हणून थांबले होते, निम्मी मंडळी परत फिरायचं म्हणत होती. पुढच्या आठवड्याचं हवामान पेपरात काय दिलंय ते कळवा, एवढंच विचारलं होतं. छापलं म्हणजे खरं, असा अण्णांचा स्वभाव.

संध्याकाळी पेपर आला तेव्हा आई दिवा लावून बसलेली. मी उघडला... गढवालच्या डोंगरांत पुढचे पाच-सहा दिवस वादळी पाऊस, उंचावर बर्फ. स्वच्छ छापलेलं. शब्द अडला म्हणायचीही सोय नव्हती.

पण आमच्याकडे तिन्हीसांजेला अभद्र बोलायचं नाही. घराची वास्तू तथास्तु म्हणते, असं आईने लहानपणापासून बजावलेलं. एकदा दिवेलागणीला मी चिडून "मेलं ते गणित" म्हणाले तर पाठीत धपाटा बसलेला. आणि आता अण्णा डोंगरावर, समोर दिवा, अन् मी माझ्या तोंडाने बर्फ म्हणू?

मी वाचलं... आकाश निरभ्र, हवा कोरडी.

खरं सांगू? मला वाटलं, वास्तू वाईटाला तथास्तु म्हणते तर चांगल्यालाही म्हणेलच की. काय अक्कल माझी! आईने पदराने डोळे पुसले आणि देवापुढे साखर ठेवली.

सकाळी आम्ही दोघी तार करायला कल्याणला गेलो. फॉर्म मीच भरला. हवा उत्तम, पुढे जा... इंग्रजीत, वळणदार अक्षरात. दिवसाउजेडी खरं सांगता आलं असतं, अगदी ओठांवर आलेलं. पण काल खोटं का बोललीस म्हणून आई रागावेल, एवढ्याशा भीतीने मी गप्प बसले. आणि आई कितीतरी दिवसांनी हसत होती हो...

अण्णा परत आले नाहीत. तार मिळाली तसे चौघंजण पुढे निघाले आणि वाटेत बर्फाच्या वादळात सापडले. तिघं वाचले. अण्णांच्या छातीत थंडी भरली, ती गेलीच नाही. मंडळींनी त्यांचा कोट आणून दिला. खिशात आमची तार होती, चार घड्या घातलेली.

आई ती तार मांडीवर घेऊन बसली. "मीच यांना वर पाठवलं गं सुमे. मीच म्हटलं, जा." नवस तिच्यासाठी, तार तिच्या नावाची... पुढे तीस वर्षं ती हेच म्हणत राहिली. मी शेजारी बसून ऐकायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी उठून चहा ठेवायचे. शेवटच्या आजारातही ती तेच पुटपुटत होती आणि मी तिचे पाय चेपत बसलेले. ती तशीच गेली. माझ्यासारखी नालायक मुलगी कुणाला न होवो.

परवा दिवा जळत होता. अगं आजी, वाच ना, सई म्हणाली. वाचलं मी. दिव्यासमोर, मोठ्यांदा. मंगळवारपासून बर्फ आहे, वादळ आहे, जाऊ नकोस. आवाज एवढा चढला की सूनबाई कणकेच्या हातांनी बाहेर धावत आली. मग दोघींना बसवून सगळं सांगितलं.

सईने लगेच मैत्रिणींना फोन लावला आणि जाणं आठवडाभर पुढे ढकललं. पोरीने चेष्टा केली नाही, तिचे उपकार आहेत माझ्यावर.

बरं वाटलं का विचाराल, तर नाही. अण्णा त्याने परत येत नाहीत. जिला सांगायचं होतं तिला इथलं काही वाचता येणार नाही, तेही ठाऊक आहे. तरी लिहिते.

आई, तू नाही पाठवलंस त्यांना. पेपरात बर्फ होता गं.