मास्तरांचं युकुलेले

मास्तर कुठलंही वाद्य हातात घेतलं की आधी त्याचा वास घ्यायचे. दुकानदार बघत राहायचा आणि हे डोळे मिटून, युकुलेलेच्या, म्हणजे त्या चार तारांच्या चिमुकल्या गिटारच्या, भोकाला नाक लावून उभे. "डिंक ओला आहे अजून," म्हणायचे आणि परत द्यायचे. आमच्या चर्चमधल्या गायकांना त्यांनी जन्मभर व्हायोलिनची साथ केली, म्हणून सगळ्या गावाचे ते मास्तर.

गेल्या पावसाळ्यात विहिरीपाशी पाय घसरून पडले, तेव्हा कॅनडातल्या मुलाने निर्वाणीचं सांगितलं, "पप्पा, आता इकडेच या. कायमचे." बायको गेलेली, वाडीत एकटेच. मास्तर नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "थरथरत्या बोटांना व्हायोलिन झेपत नाही आता. प्रवासात हातात मावेल असं चांगलं युकुलेले मिळालं, की निघतो." मी शेजारी, त्यामुळे त्यांना स्कूटरवरून फिरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

निवडण्याचं त्यांचं शास्त्र होतं. अख्ख्या लाकडाचं नको, तिकडच्या कोरड्या थंडीत तडकेल, प्लायचंच बरं. दांडा सरळ आहे का, ते एक डोळा मिटून नेम धरल्यासारखं बघायचं. मग तारा सुरात लावून वाद्य तसंच ठेवायचं, आम्ही चहा पिऊन यायचं, आणि तेवढ्यात सूर उतरला तर ते बाद. वसईतली दुकानं झाली, नालासोपारा झालं, विरार झालं. एक मात्र चहानंतरही सुरात होतं. मी म्हटलं, "मास्तर, हे घ्याच."

"आवाज गोड आहे रे," ते म्हणाले, "पण नुसता गोडच आहे."

मला हसू आलं. ते हसत नव्हते. यांना युकुलेले मिळायलाच नको आहे, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. त्यानंतर मी घाई केली नाही. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की निघायचो, रिकाम्या हाताने परतायचो. फाटकाशी उतरून मास्तर खुशीत म्हणायचे, "आजही जमलं नाही बुवा," आणि केळींना पाणी सोडायला जायचे.

मग ते दुसऱ्यांदा पडले. सकाळी पडले होते, मला सापडले दुपारी. शुद्धीत होते, लेंगा ओला झाला होता. "कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाले. मी त्यांना आंघोळ घातली, कपडे बदलले.

पुढच्या रविवारी दुकानदाराने सवयीने एक खाली काढलं. "अंकल, नवीन पीस आलाय. आरामात चेक करा."

मास्तरांनी एका तारेलाही बोट लावलं नाही. "पिशवीत घाल," म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. आज वाडीला कुलूप आहे, रोज तिच्यावरून जातो, तरी येत नाही. दुकानाबाहेर त्यांनी मुलाला फोन लावला, रिंग वाजू लागली तसा माझ्या हातात दिला. "तू सांग."

मी सांगितलं, मिळालं. चांगलं मिळालं.