प्रज्ञादीदीचा सपाट माथा

“ऊपर के सब निकाल दो, वर्षा. मशीन मारो और खतम करो.”

रीटा मॅडम, म्हणजे माझ्या मालकीण, दारातूनच एवढं म्हणाल्या आणि फोन कानाला लावून निघून गेल्या. माझ्या हातात ट्रिमर होता. समोर खुर्चीत प्रज्ञादीदी बसली होती. अंगावर मोरपंखी साडी, डोक्यावर विगखालची जाळी, आणि त्या जाळीला आतून ढुशा देणारे तिचे केस. लांब काळाभोर विग दोनदा बसवून पाहिला होता. तो बसत नव्हता, नुसता तरंगत होता.

आधी दीदी कोण ते सांगते. रायपुरात मुलींची फ्लॅग फुटबॉलची टीम आहे, ती दीदीने उभी केली. हा अमेरिकन फुटबॉलचाच एक प्रकार. फक्त यात कोणी कोणाला पाडत नाही. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की खेळ तिथे थांबतो. ज्या खेळाडूच्या हातात चेंडू सुरुवातीला येतो आणि तो पुढे कोणाकडे फेकायचा हे जी ठरवते, ती क्वार्टरबॅक. दीदी इतकी वर्षं क्वार्टरबॅक आहे की आमच्या गुढ़ियारी मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांना तो शब्द म्हणजे तिचं आडनावच वाटतो.

तिने एकदा मला मोबाईलवर एक काळापांढरा फोटो दाखवला होता. जुन्या काळातला कोणी नावाजलेला अमेरिकन क्वार्टरबॅक. कानाच्या बाजू बारीक आणि माथा टेबलासारखा सपाट. “मले हाच पाहिजे,” म्हणाली. मी तोवर बायकांचे स्टेप कट आणि नवरीचे अंबाडे करत आले होते. पण म्हटलं, बघू तरी.

या कटला फ्लॅटटॉप म्हणतात आणि तो दिसतो तेवढा सोपा नाही. केस आधी ड्रायरने मुळापासून उभे करायचे. मग कंगवा आडवा धरून, त्याच्या वर येईल तेवढंच मशीनने उडवायचं. गिऱ्हाइकाने मान जरा कलती ठेवली तरी माथा उताराचा होतो, आणि तेल लावून आलं तर केस उभेच राहत नाहीत. पहिल्या खेपेला दीदीच्या आईने तिला तेल चोपडून पाठवलं, तेव्हा मला दोनदा शाम्पू करावा लागला होता. हळूहळू हात बसला. दर पंधरवड्याला ती माझ्याकडे यायची, आणि तिचा माथा लांबून पाहून लोक हाक मारायचे. भाजीवाले, ट्रॅफिकचे शिपाई, शाळेच्या व्हॅनमधली पोरं, सगळेच. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे.

आता सेठजी. पंडरीच्या बाजारात त्यांचं साड्यांचं ठोक दुकान. टीमला मोठ्या स्पर्धेला जायचं होतं, तिकिटं आणि किट सेठजी देणार होते. बदल्यात दीदीने त्यांची साडी नेसून हातात चेंडू घेऊन फोटो काढू द्यायचा, तो होर्डिंगवर लागणार. दीदीला साडीचं वावडं नव्हतंच. मेकअपचं काम आमच्या शंकर नगरच्या पार्लरला मिळालं आणि रीटा मॅडमनी मला स्टुडिओत नेलं. तिथे पोचल्यावर सेठजींनी पिशवीतून विग काढला. साडीच्या जाहिरातीत बाईला बाईसारखे केस हवेत, असं त्यांचं म्हणणं.

विग बसवायचा तर खालचे केस चापून बसावे लागतात. लांब केसांच्या वेण्या गुंडाळता येतात, मऊ आखूड केस जाळीखाली दबतात. फ्लॅटटॉप या दोन्हींत मोडत नाही. म्हणून मॅडमचा तो हुकूम.

मी ट्रिमर बंद केला.

“काहून थांबली?” दीदीने विचारलं.

“मी नाही कापत.”

“काप वर्षा. पोट्ट्या बॅगा भरून बसल्या हायेत. माझ्या केसापायी त्याइचं जाणं राहू देऊ का मी?”

मला तिचा राग आला. मैदानावर ही बाई कोणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि इथे मान खाली घालून बसली होती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर राग जास्तच आला. मी म्हटलं, “तू त्याइच्यासाठी केस देऊन राहिली, ते मले समजते. पण माझ्या हातानं नाही. कापायचं असंल तर दुसऱ्या कोणाले बोलाव.” आणि ट्रिमर बॅगेत टाकून चेन ओढली.

मॅडम परत आल्या. मागोमाग सेठजीही आले. मी दोघांच्या तोंडावर सांगितलं की मी हे कापणार नाही. मॅडमचा चेहरा लाल झाला. सेठजींनी माझ्याकडे न बघताच मॅडमना विचारलं, “ये लड़की आपके यहां काम करती है या आप इसके यहां?”

मॅडमनी मला बाजूला घेऊन खूप झापलं. शेवटी मी एवढंच कबूल केलं की न कापता जमेल तसा विग बसवून देते. अर्धी बाटली जेल आणि होत्या नव्हत्या तेवढ्या पिना लागल्या. माथा जरा फुगीर दिसत होता, पण विग बसला. सेठजी म्हणाले, ठीक आहे, पण फुगवटा दिसतोय, कापलेलंच बरं. दीदी विग घालूनच पाणी प्यायला बाहेर गेली.

ती परत आली तेव्हा दारावरच्या गार्डने हात आडवा घातला. याच गार्डने सकाळी तिच्याबरोबर सेल्फी काढून घरी पाठवला होता.

“मैडम, अंदर नहीं जाने का. प्रज्ञा दीदी का शूटिंग चालू है.”

आम्ही सगळे आतून ऐकत होतो. दीदी म्हणाली, मीच प्रज्ञा. गार्ड हसला आणि हात तसाच ठेवला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला आणि तो सेठजींकडे पाहू लागला. मला राहवलं नाही. म्हटलं, “सेठजी, शहर जिला ओळखतं ती तुम्हाला हवी होती ना? मग तिला झाकता कशाला?”

सेठजींनी दीदीला आत घेतलं आणि विगकडे बोट केलं. मग म्हणाले, “हटाओ इसको.” चूक झाली वगैरे काही म्हणाले नाहीत. तशी माणसं म्हणतही नाहीत.

मी जेल धुतलं, केस सुकवून उभे केले आणि दीदीला ताठ बसवून माथा नव्याने सपाट केला. इतका सरळ कट मी आधी कधी केला नव्हता. पदर कमरेला खोचून, चेंडूचा हात मागे नेऊन तिने फोटो दिला. तो पंडरीच्या चौकात लागला. पोरी नव्या किटमध्ये, रिझर्वेशनच्या डब्यातून स्पर्धेला गेल्या. हरून आल्या, तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला कामावरून काढलं. क्लायंटसमोर नाही म्हटलं, एवढं कारण पुरेसं होतं. मी माफी मागितली असती तर ठेवलं असतं, असंही म्हणाल्या. मी कात्र्या उचलल्या आणि निघाले.

लोक अजून विचारतात, दुसऱ्याच्या केसांपायी स्वतःची नोकरी कशाला घालवली? मी त्यांना धंद्यातली गोष्ट सांगते. एकदा उडवलेला फ्लॅटटॉप पुन्हा जागेवर यायला महिने लागतात. दुसरी नोकरी मला त्याच्या कितीतरी आधी मिळाली.