मुकुट बांधल्यावर बोलायचं नाही

आमचं कॉलेज एका देवस्थानाच्या ट्रस्टचं. पहिल्या लेक्चरआधी व्हरांड्यात आरती, कँटीनमध्ये अंडंसुद्धा नाही, आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर कायम चपलांचा ढीग. मी तिथे गेले ते भक्ती उतू चालली होती म्हणून नव्हे. खांदेश्वरच्या आमच्या घरून जवळ पडत होतं आणि माझ्या टक्क्यांना दुसरीकडे कोणी विचारत नव्हतं. नृत्य पथकात शिरले तेही हजेरी माफ होते म्हणून. पुढे मला देवी केलं, कारण मी उंच होते आणि पितळी मुकुट पेलण्याइतकी माझी मान जाड होती. हे आमच्या मॅडमचेच शब्द.

चैत्र-वैशाखात इथल्या जुन्या गावांमध्ये गावदेवीच्या जत्रा लागतात. आता त्या गावांना चहूबाजूंनी सोसायट्या नाहीतर कंपन्यांच्या भिंती आहेत, पण जत्रा चुकत नाही. कॉलेज तिथे आमचं पथक पाठवायचं. नोटीस बोर्डावर त्याला 'दौरा' म्हणायचे. आम्हाला हसू यायचं, कारण संध्याकाळी कॉलेजची बस घेऊन जायची आणि कार्यक्रम संपला की आपापल्या घरी आणून सोडायची. आई विचारायची, दौऱ्यावरून येताना कोथिंबीर आणशील का?

पथकाचा एक नियम होता. मेकअप झाला, शालू नेसवला, की शेवटी मॅडम स्वतः मुकुट बांधायच्या आणि कपाळाला कुंकू लावायच्या. त्या क्षणापासून देवी झालेल्या मुलीने बोलायचं नाही. पाणी हवं असेल तर खूण करायची. मुकुट उतरेपर्यंत मुलींनीही तिला नावाने हाक मारायची नाही. मला हा सगळा प्रकार नाटकी वाटायचा. मॅडम म्हणायच्या, "नाचताना चुकलीस तर मी सांभाळून घेईन. बोललीस तर मला काही करता येणार नाही." मी मनात म्हटलं, एवढं काय? बोलून बोलून मी असं काय बोलणार आहे?

नियमामागचं कारण पावणे गावच्या जत्रेत कळलं. म्हणजे तेव्हा नाही कळलं, नंतर कळलं.

पावण्याला स्टेज देवळाच्या आणि एका कंपनीच्या कुंपणाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत होतं. नाच झाला, दैत्य मेला, टाळ्या पडल्या. दैत्य म्हणजे कॉमर्सची माझी मैत्रीण. ती मिशीसकट स्टेजवर आडवी पडून हसू दाबत होती. मग दर ठिकाणी व्हायचं तेच झालं. बायका रांग लावून वर आल्या आणि माझी ओटी भरायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. माझ्या आईच्या वयाच्या बायका माझ्या पायांवर डोकं ठेवत होत्या. पहिल्या दोन कार्यक्रमांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिसऱ्यापर्यंत सवय झाली. सवय होते, हेच वाईट.

रांगेत एक आजी होती. गळ्यात सोन्याची जाड माळ, आवाज असा की पुढच्या दोघी आपोआप बाजूला झाल्या. देवळामागच्या तीन मजली चाळीची ती मालकीण, आणि भाडेकरू तिच्या समोरून जिना उतरताना मोबाइलवर बोलणं थांबवतात, हे पुढे तिच्या सुनेने सांगितलं. डावा पाय फडक्यात गुंडाळलेला होता. तिने ओटी भरली, वाकली आणि माझे दोन्ही पाय धरले. सोडेचना.

"माजा पाय बरा व्हईल का गो माय? सांग मना."

खाली बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मुकुटाने कपाळ ठणकत होतं, शालूच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मागची रांग पुढे सरकत नव्हती. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी गुडघे दुखतात म्हटलं तर आपण जे म्हणतो, ते मी म्हटलं.

"होईल बरा."

आजीचे हात सुटले. तिने वर पाहिलं आणि स्वतःच्या तोंडावर पालथी मूठ ठेवली. मागची बाई पुटपुटली, बोलली, देवी बोलली. ते रांगेतून मागे मागे गेलं आणि सगळं स्टेज गप्प झालं. दैत्याने मला चिमटा काढला. मी खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आवडलं. घरी माझ्या बोलण्याने कोणी पंखासुद्धा बंद करत नाही, आणि इथे माझ्या दोन शब्दांनी एवढी करारी बाई थरथरत होती. परत येताना बसमध्ये मैत्रीण आणि मी पोट धरून हसलो. मॅडम पुढे बसल्या होत्या, त्यांच्यापर्यंत काही गेलं नाही. ओटीतल्या नारळांच्या आईने वड्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या, मी चार खाल्ल्या.

पुढचा आठवडा मधल्या गावांमध्ये गेला आणि शेवटचा कार्यक्रम बंदराकडे, द्रोणागिरीच्या बाजूला होता. कंटेनरचे ट्रेलर ओळीने उभे, हवेत धूळ, आणि आम्हाला तयार व्हायला शाळेचा एक वर्ग दिलेला. नाच उरकून मी मुकुट उतरवला होता, अर्धं तोंड पुसलं होतं आणि शालूवर टीशर्ट चढवला होता. तेवढ्यात एक बाई दारात आली. तिशी-पस्तिशीची, ऑफिसातून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच.

तिने मॅडमना विचारलं, "तुमची देवी बोलते का?"

मॅडम म्हणाल्या, नाही. आमच्यात बोलत नाहीत.

"मग पावण्याला कोण बोललं? माझ्या सासूला शुगर आहे. अंगठा काळा पडलाय. डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली होती, अंगठा काढायचा, संपला विषय. आता ही म्हणते, देवीनं सांगितलं बरा होईल, मी कशाला कापून घेऊ? तारीख गेली आमची. काल डॉक्टर म्हणाला, काळं वर चढतंय." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आज इथे माहेरच्या देवीला आलीये. समोरच बसलीये. आता तुम्हीच काय ते सांगा तिला."

वर्गातल्या सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मैत्रीण तर अशी बघत होती की सांगायची गरजच उरली नाही. मी म्हटलं, मी बोलले.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मला तशीच, अर्ध्या पुसलेल्या तोंडाने, मांडवात घेऊन गेल्या. आजी पहिल्या रांगेत पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. फडकं आता जास्त जाड होतं आणि जवळ गेल्यावर वास आला. मॅडमनी सरळ सांगितलं की आजी, देवी होते ती हीच. कॉलेजात शिकते. तिला काही कळत नाही, ती उगाच बोलून गेली. मीही सांगितलं. माफी मागितली, दवाखान्यात जा म्हटलं, हात जोडले.

आजीने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या पोरीकडे पाहावं तसं, जरा कौतुकानेच.

"ता मना कलतं," ती म्हणाली. "नाचतेस ती तू. बोलली ती देवी."

मला वाटत होतं की तिचा गैरसमज झालाय, आणि मी तो दूर करीन. पण तिचा काहीच गैरसमज नव्हता. मी कोण हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त तिच्या हिशेबात माझ्या शब्दांवर माझा हक्क नव्हता. मी दिलेला शब्द मला परत घेता येत नव्हता, कारण तो मी दिलाच नव्हता. सून मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

आम्ही वर्गात परत आलो. मॅडमनी मला टीशर्ट काढायला लावून बाकावर बसवलं, माझं पुसलेलं तोंड पुन्हा रंगवलं आणि मुकुट उचलला.

"मी तुला बोल म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त बांधून देते."

त्यांनी कुंकू लावलं नाही. आधी वाटलं विसरल्या, पण आमच्या मॅडम विसरणाऱ्यातल्या नव्हेत.

आजीला वर्गात आणलं. लहान मुलांच्या बाकांमध्ये, फळ्यासमोर, मी स्टेजच्या दिव्यांविना, संगीताविना उभी. आजीने उंबऱ्यातच हात जोडले. मी काय बोलायचं ते ठरवलं होतं: दवाखान्यात जा, एवढंच. ते बोलले. आजी म्हणाली, "पन तू बोललीस ना माय, बरा व्हईल? मंग कापू कशाला?" देवीलाच जाब विचारत होती. देवी खोटी कशी पडेल, आणि पडली तर ही ऑपरेशन करून घेईल का, हे दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यात एकदमच आले, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते कुठून आलं मला आजही सांगता येत नाही.

"अंगठा मला दे."

आजीचा चेहरा सैल झाला. ती रडली, आणि रडता रडता हसली. माहेरवाशीण आईशी हक्काने बोलते तशी म्हणाली, "एवराच पायजे व्हता तं तवाच मांगायचा. घे."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः रिक्षा करून दवाखान्यात गेली. सून रजा टाकून येईपर्यंतही थांबली नाही.

पहिल्यांदा बोलले तो मूर्खपणा होता. मूर्खपणाची शरम वाटते, पण ती निवते. दुसऱ्यांदा मी ठरवून, तोंड रंगवून, एका माणसाच्या श्रद्धेत हात घालून तिला हवं तिकडे वळवलं. ते चांगल्यासाठी होतं, हे मला कळतं. मॅडमही म्हणाल्या, दुसरं काय करणार होतीस. पण मला रात्री टोचतं ते दुसऱ्यांदाचं बोलणं. एखाद्याकडून त्याचं बोट मागून घेणं इतकं सोपं असतं, हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

आणि हिशेब तिथेही पुरा झाला नाही. ऑपरेशननंतर सुनेचा मॅडमना फोन आला. अंगठ्यावर भागलं नव्हतं. शेजारचं बोट गेलं आणि तळव्याचा थोडा भाग काढावा लागला. पहिल्या तारखेला आणलं असतं तर अंगठ्यावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. सून हेही म्हणाली की थँक्यू. ते थँक्यू मॅडमनी मला फोन करून जसंच्या तसं पोचवलं आणि डॉक्टरांचं बोलणंही. लपवली नाही. मी फोन ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले, कारण आईला कारण सांगता आलं नसतं.

त्यानंतर मी देवी झाले नाही. मॅडमना सांगितलं की मान दुखते. त्या म्हणाल्या, दुखणारच. दवाखान्यात आजीला भेटायला मात्र गेले नाही. खूप कारणं होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. भेटून काय सांगणार होते? मीच ती म्हटलं तर तिने ते आधीच नाकारलं होतं.

पुढच्या वर्षी पावण्याच्या जत्रेला गेले ते प्रेक्षक म्हणून. देवी एक नवीन मुलगी होती, एफवायची, माझ्याहून बरी नाचणारी. मी मागे उभी राहणार होते, पण जागा पुढेच मिळाली आणि बसल्यावर पाहिलं तर शेजारच्या खुर्चीत आजी. डाव्या पायात पुढून बंद असलेली, दवाखान्यातून करून घेतलेली चप्पल. जरा लंगडत असावी, कारण काठी मांडीवर आडवी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख नाही. नुसतं पोरीकडे पाहिल्यासारखं, आणि पर्समधली खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली.

नाच संपला. रांग लागली. आजी उठली आणि तिला चढायला आधार हवा म्हणून तिने माझा दंड धरला. अशी मी तिच्याबरोबर स्टेजवर गेले. ती मुलगी मुकुट बांधून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले, घाम गळत होता. मॅडमनी तिला नियम नीट सांगितला असणार. आजीने ओटी भरली, वाकता येईना तरी वाकली, तिच्या पायांवर हात ठेवून ते डोळ्यांना लावले. मग वळून मला म्हणाली, "पाया पर गो बाय. हिनी माजा पाय वाचवला."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती मला ओळखत होती, पण मुकुट होता, बोलता येत नव्हतं. मला बोलता येत होतं.

मी वाकले आणि तिच्या पाया पडले.