चिमूटभर कमी चुना

नारू वरठा ताडावर असला की खाली उभ्या माणसाशी बोलत नाही. हाक मारली तरी ओ देत नाही. काम संपवून उतरतो, कमरेची दोरी सोडतो, कोयता पुसतो आणि मग विचारतो, "काय म्हणत होता?"

वय बासष्ट. चिखल्याच्या वाड्यांमधून तो एकेचाळीस वर्षं ताड चढतोय. पूर्वी पन्नास झाडं होती, आता आठ. गुडघे ऐकत नाहीत. पण आठ झाडांवर तो पन्नास झाडांएवढंच लक्ष देतो. सकाळ-संध्याकाळ चढायचं, पोईच्या, म्हणजे ताडाच्या फुलोऱ्याच्या, टोकाचा पातळ काप काढायचा. काप जाड निघाला तर झाड थकतं, काढलाच नाही तर धार आटते. कागदाएवढा पातळ काढायला हात शिकावा लागतो आणि तो शिकायला नारूला सहा वर्षं लागली. हे तो कुणी विचारलं तरच सांगतो.

डावा हात कोपरात वाकडा आहे. तेही विचारलं तर सांगतो. "पिऊन चढलो होतो. अर्ध्यावरून आलो खाली." तो पडला त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून त्याने घोट गिळलेला नाही. ताडी काढणाऱ्याला चव बघावीच लागते, त्याशिवाय माल कळत नाही. नारू जिभेवर थेंब घेतो, समजून घेतो आणि थुंकतो.

झाडं धनेशशेटच्या वाडीत आहेत. धनेशशेटला चिकूपेक्षा गप्पांची आवड जास्त.

"नारू, तुमच्या येशूने पाण्याची वाईन केली ना रे लग्नात?"

"केली."

"मग तू कशाला थुंकतोस? तो करतो, तू सोडतोस. त्याला वाईट नाय वाटत?"

"शेट, त्याने लग्नात केली. मी रोज सकाळी लग्न लावत होतो."

धनेशशेट पोट धरून हसला. नारूही हसला. पण हा प्रश्न त्याला वस्तीतही चुकत नसे. ख्रिस्ती माणसाला दारू चालते की नाही? पलीकडच्या पाड्यातले कॅथलिक म्हणत, आमचे फादर मिस्साच्या प्रार्थनेत वाईन घेतात, तुमचंच काय वेगळं? नारूच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरातले म्हणत, अजिबात नाही, वासही नाही. दोघंही बायबलच्या पुस्तकातूनच दाखवत. नारूला वाचता बेताचं येतं. तो म्हणे, "चालतं का, ते मला माहीत नाय. मला चालत नाय, ते माहीत हाय."

प्रार्थनाघरात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट. ताडाच्या हंगामात हा घोट अकरा वर्षं नारूच्या नीरेचा होता. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, गोड राहतो. ती नीरा. चुना नसला की उन्हं वर येईपर्यंत त्याच रसाची ताडी होते. झाड एक, मडकं एक, फरक चुन्याचा आणि वेळेचा.

मार्चच्या मध्याला नवीन पाळक प्रविण तलासरीकडून आला. तिशीतला, शिकलेला, कामाला चोख. त्याला हे पटलं नाही.

"नारूकाका, डहाणू रोडला द्राक्षाच्या रसाची बाटली मिळते. ताडाखालचं काही नको."

"पास्तर, अकरा वर्षांत माझी नीरा एकदा नाय फिरली."

"मी तुमच्यावर शंका नाही घेत. पण इथे दारूतून उठलेली माणसं बसतात."

"म्हणूनच मी स्वतः काढतो."

प्रविणने मान हलवली. "बरं. एप्रिलचा रविवार तुमचा. मग बघू."

दारूतून उठलेलं माणूस म्हणजे कोण, ते दोघांनाही माहीत होतं. नारूचा धाकटा भाऊ चैत्या. चैत्या चिकूच्या वाडीत तोडणीला जातो. हात चांगला, पण हातात पैसे पडले की पाय गुत्त्याकडे. दिवाळीनंतर त्याची बायको दक्षा मुलीला घेऊन सायवनला माहेरी गेली. भांडली नाही, ओरडली नाही. कपडे घडी करून पिशवीत भरले आणि गेली. त्यावरूनच सगळ्यांना कळलं की ती खरंच गेली.

जानेवारीच्या शेवटी चैत्या नारूच्या दारात येऊन बसला. म्हणाला, "दादा, तू कसं सोडलंस?"

"पडलो."

"मी पडायचं का आता?"

"तू पडलेलाच हायस. उठ."

त्या दिवसापासून चैत्या प्यायला नव्हता. नारूची बायको शांती त्याला दोन वेळ जेवायला घाली आणि त्याच्या हातांची थरथर बघून न बघितल्यासारखं करी. पन्नास दिवस झाले. शांतीने सायवनला निरोप धाडला. उत्तर आलं: एप्रिलच्या पहिल्या रविवारी येते, बघते, मग ठरवते.

त्या रविवारी नारू पहाटे उठला. आदल्या संध्याकाळी मडकी त्यानेच धुवून, धुरी देऊन, चुना लावून बांधली होती. फक्त एक गोष्ट वेगळी केली होती. मार्चच्या प्रभुभोजनानंतर हिरकणीबाय म्हणाली होती, "नारू, गोड हाय पण तोंड चुन्याचं होतं रे. पान खाल्ल्यासारखं वाटतं देवाच्या घरात." बायका हसल्या होत्या. नारूच्या मनाला ते लागलं होतं. नवा पाळक पहिल्यांदाच त्याची नीरा चाखणार होता. म्हणून त्याने दर मडक्यामागे चुना चिमूटभर कमी लावला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कामापेक्षा कौतुकाचा विचार केला.

पहाटेचा रस छान उतरला. त्याने थेंब चाखला, थुंकला. साखर. गाळून कळशीत भरला, वर ओलं फडकं बांधलं. आठच्या प्रार्थनेला काही अडचण नव्हती.

पण तलासरीहून काही पाहुणे येणार होते. त्यांची गाडी वाटेत बंद पडली. प्रविण थांबला. आठाचे नऊ झाले, नऊचे साडेदहा. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. नारू दोनदा उठून फडकं भिजवून आला. तिसऱ्या वेळी शांतीने त्याला दटावलं, "बस ना आता. बाळंतिणीजवळ बसल्यासारखा काय करतोस?"

दक्षा आली होती. मागे, दाराजवळ, मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. चैत्या पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मान ताठ, शर्ट नवीन, कानामागे घाम.

पाहुणे आले. गाणी झाली, वचन झालं, साडेअकरा वाजले. प्रविणने भाकरी आणि प्याल्यावर प्रार्थना केली. तबक धरायचं काम नारूचं. शांतीने कळशीतून लहान पेल्यांत ओतलं आणि नारूला पेल्यांच्या कडेला बारीक फेस दिसला.

त्याने एक पेला उचलून थेंब जिभेवर घेतला. जिभेला चिमटा बसला.

फार नव्हती. नुकती फिरली होती. चाळीस माणसांत ती कुणाला कळलीही नसती. एवढ्याशा घोटाने कुणी झिंगत नाही आणि पुस्तकात एवढ्यावरून कुणाला शिक्षा झाल्याचं नारूने ऐकलं नव्हतं. बोललं तर अकरा वर्षांचं नाव जाणार होतं, पाहुण्यांसमोर पाळकाची मान खाली जाणार होती. तबक घेऊन तीन पावलं टाकायची एवढंच काम होतं. तिसऱ्या रांगेत चैत्या ओंजळ करून बसला होता.

नारूला स्वतःची जीभ आठवली. सोडल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात थेंब थुंकल्यावर तो झाडाखाली अर्धा तास मडक्याकडे बघत बसायचा. जीभ विसरत नाही.

त्याने तबक खाली ठेवलं. थुंकायला जागा नव्हती म्हणून खांद्यावरच्या पंच्यात थुंकला.

"थांबा," तो म्हणाला. "ही ताडी झालीय."

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं. प्रविणचा चेहरा उतरला. "काका, प्रार्थना झालीय."

"झाली. रसाला ते कळत नाय."

हिरकणीबाय पुढून म्हणाली, "अरे एवढ्याशाने काय होतंय? फादरकडे तर खरीखुरी देतात. घेऊन टाकू."

"बाय, चूक माझी हाय. चुना कमी लावला. तुला चव लागू नये म्हणून."

"म्हणजे माझ्यावर आलं होय!"

हशा झाला, पण लगेच थांबला. प्रविण हळू म्हणाला, "चालेल की नाही, एवढंच सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

नारूला भाषण येत नाही. तो तबकाकडे बघत म्हणाला, "इथल्या चाळीस जणांना चालेल. एकाला नाय चालणार. कोण ते मी सांगणार नाय. पण त्या एकासाठी चाळिसांनी थांबायला पाहिजे. नाहीतर आपण एकत्र कशाला बसतो? घरोघरी बसून भाकरी खाल्ली असती."

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं, फक्त तिसऱ्या रांगेकडे कुणी बघत नव्हतं.

चैत्या उठला. "तो मी," तो म्हणाला. "दादा नाव घेणार नाय, म्हणून मीच सांगतो. मला वास आला होता. तबक खाली ठेवलं तेव्हा मला राग आला दादाचा." त्याने ओठ पुसले. "एवढा राग आला, त्यावरून मला कळलं, मला ती हवीच होती."

तो बसायच्या आत तलासरीच्या पाहुण्यांतला एक पांढऱ्या मिशीचा माणूस उभा राहिला. "एक नाय, दोन. बावीस वर्षं झाली, तरी मलाही नको," असं म्हणून तो खाली बसला. मग दोन बाया आणि कोपऱ्यातला एक तरुण उभे राहिले. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

प्रविण टेबलामागून पुढे आला. त्याने कळशी स्वतः उचलली, पेले एकेक करून तिच्यात रिकामे केले आणि बाहेर जाऊन चिंचेच्या बुंध्याशी ओतून आला. मग दारातल्या माठातून तांब्याने पाणी घेतलं आणि पेले विसळून त्यात भरले.

"ज्याच्याकडे जे आहे ते," तो म्हणाला. "आज आपल्याकडे हे आहे."

"धनेशशेटला सांगितलं पाहिजे," शांती नारूच्या कानात म्हणाली. "आमच्याकडे उलटं झालं म्हणून."

चाळीस माणसांनी भाकरी खाल्ली आणि पाणी प्यायलं. चैत्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

बाहेर दक्षा त्याच्यासमोर आली. मुलगी बापाचा शर्ट चाचपून बघत होती.

"नवीन घेतला?"

"वहिनीने घेतला."

"बरा दिसतो." तिने मुलीचा हात धरला. "मी आज नाय येत. तू उभा राहिलास ते बघितलं मी. पण एक दिवस उभं राहणं निराळं. पुढच्या पहिल्या रविवारी येते."

"ये," चैत्या म्हणाला. आणखी काही मागितलं नाही.

नारू कळशी घासत होता. प्रविण शेजारी येऊन उकिडवा बसला. नारू म्हणाला, "बाटली आणा पास्तर. तुमचं बरोबर होतं."

"मेचा रविवारही तुमचा, काका. मी आठला सुरू करीन. कुणाची गाडी बंद पडली तरी."

"आणि फिरली तर?"

"तर तुम्ही सांगाल."

मे महिन्यात ताडाची धार कमी होते. नारूने सहा झाडांचा रस एकत्र केला. चुना पुरा लावला, वर आणखी बोट फिरवलं. आठला घंटा झाली, साडेआठला पेले फिरले. हिरकणीबायने तोंड वाकडं केलं.

"नारू, चुनाच प्यायले रे मी!"

"पी," नारू म्हणाला.

तबक घेऊन तो तिसऱ्या रांगेपर्यंत आला. चैत्याने घोट घेतला, जिभेवर धरला, मान हलवली आणि गिळला. नारू पुढे सरकला. मागच्या रांगेत दाराजवळ दक्षा बसली होती, मुलगी शेजारी. दोघींच्या मागे भिंतीला टेकून दोन मोठ्या पिशव्या ठेवल्या होत्या. वरच्या पिशवीतून घडी केलेल्या कपड्यांची टोकं बाहेर दिसत होती.