पाय न टेकता

किस्से काही नळाच्या पाण्यासारखे नसतात, दुष्काळात उलट जास्त येतात! लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या ऑफिसात खुर्च्या कमी, पाणी त्याहून कमी आणि किस्से मात्र उपसून संपेनात. आताही आम्ही रिटायर्ड मंडळी जमलो, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "आणि तो उतार?"

तो उतार रेणापूरच्या अलीकडचा. वर बोडका माळ, खाली कोरडा ओढा आणि मधे नुसता खडक, मुरूम अन् बाभळी. एकदा दुष्काळी काम बघायला जायचं होतं आणि जीप मोठे साहेब घेऊन गेलेले. म्हणून हेडक्लार्क कांबळेअण्णा, कुलकर्णी, निलंग्याचा मल्लिनाथ आणि मी असे चौघं काळ्या सायकलींवर निघालो. परतताना अण्णा म्हणाले, "हिकडून जवळ पडतंय."

जवळ पडलं का नाही माहीत नाही, पण आम्ही चौघंही पडलो! खाली आलो तेव्हा माझी घंटा गायब होती आणि कुलकर्णीचं मडगार्ड लोंबत होतं. अण्णा धूळ झटकत म्हणाले, "चला, परत वर." मला वाटलं, घंटा शोधायला. अण्णांना पुन्हा उतरायचं होतं!

* * *

मग दर रविवारी तेच सुरू झालं. कुलकर्णी हा मास्तरांच्या घरातला, सावध माणूस. त्यानं मेव्हण्याचं स्कूटरचं हेल्मेट आणलं. पहिल्याच फेरीत तो बाभळीत शिरला आणि पँट दोन्ही गुडघ्यांवर फाडून बाहेर आला. ओढ्यात माती टाकणाऱ्या बाया काम थांबवून बघत होत्या.

त्यातली एक आजी म्हणाली, "डोस्कं झाकलंस ते बरं केलंस बाबा. आता गुडघ्याला बी टोपी शिव!"

* * *

मल्लिनाथचं आजोळ सीमेपलीकडचं. एरवी अस्सल मराठी बोलायचा, पण घाबरला की तोंडातून कानडीच निघायची. एकदा रेणापूरजवळ कुत्रं मागं लागलं. हा पाय हँडलवर घेऊन ओरडतोय, "होगु! होगु!" कुत्रं काही जाईना.

अण्णा मागून म्हणाले, "आरं, मराठीत सांग की! कुत्रं आपल्या जिल्ह्यातलं हाय!"

* * *

घरी पोचेपर्यंत आमचे चेहरे मुरमाचे झालेले असत आणि घरात आंघोळीला तांब्याभर पाणी. एका रविवारी बायकोनं मला दारातच अडवलं आणि गादी झोडायची काठी काढली. पाठीवर, खांद्यावर, दणादण! धुळीचे लोट उठले.

शेजारच्या काकू धावत आल्या. "अवं, काय झालं? भांडण हाय का?"

बायको म्हणाली, "न्हाई हो, आंघोळ घालायले!"

* * *

त्या दिवसांत सगळ्यालाच नवी नावं मिळत होती. पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं काम जोरात. त्या हवेत अण्णांनी जाहीर केलं, "जो पाय न टेकता खाली जाईल, उताराला त्याचं नाव!"

पण मधोमध गुडघाभर उंचीचा एक खडक होता. तिथं प्रत्येकाचा पाय टेकायचाच. अण्णांचाही. हे त्यांना लई लागलेलं. 'कांबळे घाट' अशी पत्र्याची पाटी त्यांनी आधीच रंगवून कपाटामागं ठेवली होती, आणि हे आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आणखी एक नियम होता. वरून खालची वाट दिसायची नाही. म्हणून पहिल्यानं खाली जायचं आणि वाट मोकळी असली तर आपल्या गावाचं नाव ओरडायचं. मी "औसा!" ओरडायचो, मल्लिनाथ "निलंगा!"

तेवढ्यात अण्णांची नांदेडला बदली झाली. शेवटच्या रविवारी ते पाटी कॅरिअरला बांधूनच आले. "आज न्हाई तर कधीच न्हाई," म्हणाले. आमचं हसू कुठल्या कुठं गेलं.

मल्लिनाथ आधी उतरला. खाली बघतो तर वाटेत कडब्याची बैलगाडी आडवी! तो घाबरला आणि जीव तोडून ओरडला, "निल्लू! निल्लू!"

निल्लू म्हणजे कानडीत थांब. हे आज सांगतोय. तेव्हा वर आम्हाला नुसतं 'निलं' एवढंच कळलं. अण्णा खूश. "आज लई जीव लावून म्हणायलाय गावाचं नाव!" म्हणाले आणि त्यांनी सायकल सोडली.

आम्ही मागं पळालो. खडक आला. सायकल उडाली, आपटली, हलली आणि पुढं गेली. पाय पॅडलवरच! खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग वळण, मग गाडी. सायकल चाकाला धडकली आणि अण्णा कडब्यात डोक्यावर, दोन्ही पाय आभाळाकडं.

आतून आवाज आला, "पाय टेकला का रे?"

"न्हाई अण्णा!" कुलकर्णी किंचाळला.

त्या किंचाळीनं बैल बुजले आणि कडब्यासकट अण्णांना घेऊन ओढ्यानं उधळले. मल्लिनाथला आता कुठं मराठी आठवली. "थांबा! थांबा!" करत तो मागं धावला. बैल ऐकेनात.

गाडीवान धापा टाकत ओरडला, "त्यास्नी काय कळतंय! कालच भालकीच्या बाजारातून आणलेत, कानडी बैल हायती!"

तेवढ्यात कडब्यातून अण्णांचा आवाज आला, "मल्ल्या, मघाचं गावाचं नाव घे की!"