डायरेक्ट केलेला बोर्ड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. तुम्ही भाऊरावांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मूळचा तीर्थपुरीचा. शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत शिकलो, मग नवीन जालन्यात दुकान टाकलं. आमच्याकडे स्टार्टरमधलं काही जळलं की मोटार ‘डायरेक्ट’ करतात — जळका भाग वगळून सरळ वायर जोडायची. पाणी चालू होतं, मिस्तरीचं नाव होतं. माझं तर फारच झालं होतं, आणि ते मला आवडायचं.

गावाबाहेरच्या एका रिसॉर्टजवळ वीज पडली आणि तिथल्या स्विमिंग पूलचा कंट्रोलर बंद पडला. मालकाने मला बोलावलं. बोर्ड उघडला तर फ्यूज उडालेला, एक रिले चिकटलेला. ते बदललं, दिवे लागले. पण पाइपातून पाणी वाहतंय की नाही, हा सिग्नल काही बोर्डापर्यंत पोचेना — त्या वाटेवरचा भागच जळाला होता. तो सिग्नल नसेल तर क्लोरीनचा पंप चालत नाही. नवा बोर्ड मागवा, एवढंच म्हणायचं होतं. पण मला जमत नाही — हे तोंडातून कसं निघावं? मी वायरीचा तुकडा डाख देऊन तिथे जोडला. आता पाणी असो नसो, बोर्डाला ते वाहतंय असंच वाटणार होतं. डायरेक्ट!

थोड्याच दिवसांत एका रात्री पाण्याचा पंप ट्रिप होऊन बंद पडला. क्लोरीन मात्र पाइपात साठत राहिलं. सकाळी भाऊरावांनी — पूल तेच सांभाळायचे, धावडा गावचा माणूस — नेहमीसारखा पंप चालू केला, आणि साठलेलं क्लोरीन एकदम पूलमध्ये आलं. पाण्यात बायका व्यायाम करत होत्या. सगळ्या खोकत बाहेर आल्या. एकीला दवाखान्यात ठेवावं लागलं.

मला बोर्ड बघायला बोलावलं. मालक म्हणाला, भाऊरावांनीच टाकीत क्लोरीनचं औषध जास्त टाकलं. भाऊराव माझ्याकडे वळले. “मिस्तरी, म्या बराबर मोजूनच टाकलं व्हतं. तुम्ही सांगा ना मालकाला.”

मी बोर्ड उघडला. माझी वायर दिसली. आणि मी म्हणालो, “बोर्ड बिलकुल बराबर आहे.”

त्यांना काढून टाकलं. मी नंतर काहीतरी निमित्त सांगून नवा बोर्ड बसवला — म्हणजे मला सगळं कळलं होतं. नाही का?

काही महिन्यांनी ते दुकानात आले. त्या बाईच्या घरी जाऊन, हात जोडून माफी मागून आले होते. म्हणाले, “लई इचार केला. माझाच हात चुकला आसंल.” डोळे भरून आले होते त्यांचे.

मी चहा मागवला. त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, होतं एखाद्या वेळी, भाऊराव, मनाला लावून घेऊ नका.